मिरासदार आणि उपरी

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. वडिलांच्या वेळी तिच्यात दोन हातमाग होते. पुढे एक यंत्रमाग आला, मग तोही विकला गेला. खासबागेत अशा खोल्या पुष्कळ. माग गेले, खोल्या राहिल्या, आणि जिथे दिवसभर खटखट चाले तिथे आता 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी लटकते. आमच्या दाराला ती गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला लागली. आठवडा झाला नसेल तोच एक तरुण माणूस आला. बरोबर बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. शहापुरात एका सराफाकडे दागिने घडवण्याचे काम करतो म्हणाला. मूळचा पश्चिम बंगालचा, नदिया जिल्ह्यातला. मराठी मोडकीतोडकी, पण समजण्याजोगी. प्रत्येक वाक्याच्या आधी 'काका'.

मी त्याला खोली दिली नाही.

अगोदर कागद मागितले. त्याने आधार कार्ड दाखवले, मतदाराचे ओळखपत्र दाखवले. मी ती दोन्ही उलटसुलट करून पाहिली. खोटी नोट उजेडात धरून पाहावी तशी. शेजारचे गृहस्थ कट्ट्यावर उभे होते. ते म्हणाले, "सर, कशाला नसती भानगड? नदिया म्हणजे बांगलादेशाला अगदी लागून. कार्डं काय, पैसे टाकले की मिळतात. उद्या पोलीस आले की तुम्ही निस्तरत बसणार." मी त्या तरुणाला सांगितले, की खोली दुसऱ्या एकाला बोलून ठेवली आहे. हे खोटे होते आणि ते त्याला कळले. अशी वाक्ये ऐकायची त्याला सवय असावी. "बरं काका," म्हणून मुलीचा हात धरून तो गेला.

रात्री पानावर बसलो असताना आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "त्याच्याजवळ दोन कागद होते. मामंजींजवळ कुठला होता?"

ज्याने तीसेक वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले त्याला हा प्रश्न घरात विचारला जावा, ही गंमतच म्हणायची. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. तिच्यात वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. त्याच्यावर सांगली संस्थानाचे नाव. बाकी सूत खरेदीच्या पावत्या, एक जुने कर्जरोख्याचे कागद, आणि लग्नाच्या याद्या. आजोबांचा एकही कागद नाही. ते इचलकरंजीकडून मागाच्या कामाला इकडे आले असे ऐकत आलो आहे. कोणत्या साली, ते घरात कोणाला ठाऊक नाही. कोणाच्या परवानगीने, हे तर कोणी विचारलेलेच नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. खासबागेला लागून असलेले शहापूर तेव्हा सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते, बेळगाव शहर इंग्रजांच्या मुलखात, आणि इचलकरंजी ही कोल्हापूर राज्यातली जहागीर. म्हणजे ताणा-बाणा शिकलेला एक तरुण, फाटक्या वळकटीसह, आजच्या हिशेबाने निदान दोन राज्यांच्या हद्दी ओलांडून पोटासाठी इथे आला आणि राहिला. १९४८ साली सांगली संस्थान विलीन झाले, १९४९ साली कोल्हापूर. १९५० साली प्रजासत्ताक आले आणि आजोबा, वडील, सगळे एका रात्रीत भारताचे नागरिक झाले. त्यांनी अर्ज केला नाही, शपथ घेतली नाही, कसली परीक्षा दिली नाही. ते फक्त घरी झोपले होते.

घटनेचे पाचवे कलम मी वर्गात कितीदा तरी वाचून दाखवले असेल. ज्याचे वास्तव्य भारतात आहे आणि जो इथे जन्मला, तो नागरिक. ज्याच्या आईवडिलांपैकी कोणी इथे जन्मले, तो नागरिक. आणि घटना सुरू होण्याआधी निदान पाच वर्षे जो इथे सर्वसाधारणपणे राहत आला, तोही नागरिक. हे तिसरे वाक्य मुलांना मी भरभर वाचून दाखवीत असे. ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकताना ते पहिल्यांदा नीट ऐकू आले. घटना लिहिणाऱ्यांनी, फाळणीच्या आगीत उभे राहून, पाच वर्षांचे राहणे जन्माच्या तोडीचे मानले होते.

जुन्या मराठी गावगाड्यात ह्या भेदाला नेमके शब्द होते. मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वडिलोपार्जित. सारा भरीत राहील तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे, गावच्या मानपानात त्याला वाटा असे. उपरी बाहेरून आलेला. जमीन कसायचा, पण ती खंडाने, कराराने. घाम दोघांचा सारखाच गळायचा. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ह्या दोन जातींच्या रयतेचा खुलासा केला आहे. आणि एक गोष्ट विसरू नये, की उपऱ्याला मिरासदार होण्याची वाट होती. गावाने मिरासपत्र करून दिले की तो गावचा होई.

आपले नागरिकत्व ही मिरास आहे. ती आपण कमावलेली नाही, आपल्याकडे चालत आलेली आहे. जोसेफ कॅरेन्स नावाच्या विचारवंताने १९८७ साली एका निबंधात असे मांडले, की श्रीमंत लोकशाही देशाचे नागरिकत्व म्हणजे सरंजामी काळातल्या जन्मसिद्ध हक्काचीच आजची आवृत्ती आहे. हे वाचून त्याच्या देशातले लोक दचकले असतील. आपण दचकायचे कारण नाही. आपण वतने पाहिलेली आहेत आणि कायद्याने रद्द केलेलीही पाहिली आहेत. कुलकर्ण्याच्या पोटी आला म्हणून कुलकर्णी, ह्यात गुण कोणता, असे विचारत आपण ती मोडली. एक वतन मात्र आपण सगळ्यांनी मिळून राखले, आणि त्याला वतन म्हणायचे सोडून दिले.

आम्हा सीमाभागातल्यांना तर हे दुसऱ्या कोणाहून लवकर कळायला हवे होते. आमचे सगळे गाऱ्हाणे एका वाक्यात आहे : आम्ही हललो नाही, रेषा हलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आम्हाला कोणी विचारले नाही. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ साली आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ साली शहराचे नावही बदलले. दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळताना आम्ही म्हणतो, की कुठल्या तरी टेबलावर कोणी तरी ओढलेल्या रेघेने माणसाचे भवितव्य ठरू नये. मीही म्हटले आहे. अजून म्हणतो.

पण ह्या वाक्याला दुसरी बाजू आहे आणि ती आम्ही कधी उलटून पाहिली नाही. एका रेघेने आम्हाला नको त्या राज्यात टाकले, तो अन्याय. दुसऱ्या, त्याहून कितीतरी मोठ्या रेघेने आम्हाला भारताच्या आत ठेवले, ती मात्र आमची पुण्याई! रॅडक्लिफने ती १९४७ साली थोड्या आठवड्यांत ओढली. तिच्याशी आमचा काडीचा संबंध नव्हता. ती आमच्यापासून शेकडो कोस दूर पडली म्हणून आम्ही नागरिक झालो आणि ज्यांच्या परसातून गेली ते संशयित झाले. एक अपघात आम्ही जखम म्हणून मिरवतो, दुसरा पदक म्हणून.

रेघ हलली की काय होते, ह्याचे उदाहरण फार जुने नाही. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत आणि बांगलादेश यांनी एकमेकांच्या पोटात अडकलेल्या वस्त्यांची, त्यांना तिकडे छिटमहल म्हणतात, अदलाबदल केली. भारताच्या हद्दीतल्या बांगलादेशाच्या ५१ वस्त्या भारताच्या झाल्या. तिथली चौदा हजारांच्या आसपास माणसे संध्याकाळी परकी होती, सकाळी भारतीय. ती आजोबांसारखीच घरी झोपली होती.

हे मी शेजाऱ्यांना सांगितले. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हेत. माझ्या आजारपणात रात्री-अपरात्री रिक्षा आणणारे तेच. त्यांनी उभे आयुष्य दुसऱ्याच्या यंत्रमागावर काढले. ते म्हणाले, "सर, तुम्हाला पेन्शन आहे. आम्ही मजुरी वाढवून मागितली की मालक म्हणायचा, जा, बाहेरचे चार आणतो. बाहेरचा माणूस कमीत राबतो, तोंड उघडत नाही. त्याला कागद नसला तर मग विचारूच नका." ह्याला उत्तर नाही असे नाही, पण ते सोपे नाही. बिनकागदाचा मजूर स्वस्त पडतो तो परका असतो म्हणून नव्हे. तक्रार करायला तो पोलिसात जाऊ शकत नाही म्हणून. त्याचे भय हेच मालकाचे भांडवल. तरीसुद्धा ज्याची मजुरी प्रत्यक्ष तुटली त्याला हे तत्त्वज्ञान ऐकवायला मला संकोच वाटतो. परक्याविषयी उदार होण्याचा खर्च बहुतेक वेळा माझ्यासारख्यावर पडत नाही, त्यांच्यासारख्यावर पडतो. मागाच्या खोलीचे भाडे खाणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्यांचा दुसरा मुद्दा असा, की घर म्हटले की दार आले. देशालाही दार हवे. हेही मला मान्य आहे. मायकेल वॉल्झर ह्या अमेरिकन लेखकाने १९८३ साली असेच मांडले होते, की देशाच्या भिंती पाडल्या तर लोक गल्लीगल्लीला भिंती घालू लागतील. मला ते खरे वाटते. आमच्या गल्लीत मी ते पाहिले आहे. कोणाला घ्यावे, किती घ्यावे हे ठरवण्याचा हक्क समाजाला आहे. माझे भांडण दाराशी नाही. दारात उभा राहून आपण बाहेरच्याकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेशी आहे. तिच्यात 'आम्ही आत आहोत ते आमच्या लायकीने' असे काहीतरी असते.

आमच्याकडे थंडी सुरू झाली की मुंडगोडचे तिबेटी स्वेटर विकायला येतात. कारवार जिल्ह्यातल्या मुंडगोडला त्यांची वसाहत १९६६ पासून आहे. एका बाईंकडून मी वर्षानुवर्षे मफलर घेत आलो. कन्नड अस्खलित, मराठी घासाघीस करण्यापुरते उत्तम. एकदा त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी घरी येऊन कायद्याचे पुस्तक उघडले. त्या १९८५ सालच्या, त्यांचा धाकटा भाऊ १९८९ चा. दोघांचा जन्म मुंडगोडचाच. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतात जन्मलेला माणूस, थोडे अपवाद सोडता, आपोआप नागरिक होई. १९८६ च्या दुरुस्तीने १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून त्यात आणखी भर पडली : एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसरा बेकायदा आलेला असता कामा नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली अशाच एका तिबेटी तरुणीच्या बाजूने निकाल दिला, त्यामुळे ह्या बाईंचा हक्क पक्का झाला. भाऊ मात्र परदेशी. एकच आई, एकच आळी, एकच शाळा. तो परदेशी कोणत्या देशातला, असे विचारले तर उत्तर नाही.

ह्या तीन तारखा एकापुढे एक ठेवल्या म्हणजे दिसते, की आपला कायदा मातीपासून रक्ताकडे चालला आहे. आधी विचारीत, कुठे जन्मलास? आता विचारतात, कोणाच्या पोटी? आसामातली गर्दी, तिथले आंदोलन, १९८५ चा करार ही त्याची कारणे खरी आहेत, मी ती नाकारीत नाही. पण गुन्हा केलाच असेल तर तो हद्द ओलांडणाऱ्याने केला. त्याच्या इथे जन्मलेल्या मुलीने काय ओलांडले? वतन जसे बापाकडून मुलाकडे जाई, तसा आता गुन्हाही जाऊ लागला. (आणि रक्ताचा न्याय उलटाही चालतो. पलीकडे गोव्यात पाहा. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. आजोबांच्या जन्मनोंदीच्या एका उताऱ्यावर कित्येकजण लंडनला पोचले. त्यांना कोणी घुसखोर म्हटल्याचे मी ऐकले नाही.)

घुसखोर ह्या शब्दापाशी आलो आहे, तर एक कबुली देऊन टाकतो. २०२१ साली कोरोनाच्या दिवसांत कोगनोळीच्या नाक्यावर कर्नाटकाचे पोलीस महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तपासणीचा दाखला दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. माझी आत्या कागलला गेली. मी निपाणीच्या भाच्याबरोबर मोटारसायकलवरून अंत्यदर्शनाला गेलो. जाताना अडचण आली नाही. येताना माझ्याजवळ दाखला नव्हता. भाचा म्हणाला, "मामा, डांबरी सोडू या." उसाच्या फडांतून, पाणंदीच्या चिखलातून, दिवा न लावता आम्ही कर्नाटकात शिरलो. वाटेत आमच्यासारखेच आणखी तिघे-चौघे भेटले. कोणी कोणाला नाव विचारले नाही. सत्तरीकडे झुकलेला मी, जन्मभर कायदा पाळा म्हणून सांगितलेला, त्या रात्री सरळसरळ बेकायदा आलो होतो, आणि मला त्याची शरम वाटली नाही. आत्या गेली होती; एवढे कारण मला पुरेसे वाटले. नाक्यावरच्या शिपायाला ते पुरले नसते, आणि त्याच्या जागी तोही बरोबर होता. साथ काही खोटी नव्हती.

तेव्हापासून, रात्री काट्याच्या कुंपणाखालून येणाऱ्या माणसाचे चित्र वर्तमानपत्रात पाहिले की मला प्रथम त्याचे कारण जाणून घ्यावेसे वाटते. आमच्या त्या चिखलाची त्याच्या चिखलाशी बरोबरी नाही. मला पकडले असते तर फार तर परत पाठवले असते, तेही आत्याच्याच घरी.

त्याला पकडले तर काय होते? १९४६ च्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याने 'मी परका नाही' हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच माणसावर टाकले होते. २०२५ साली त्या कायद्याच्या जागी नवा आला, ओझे होते तिथेच राहिले. आणि सिद्ध कशाने करायचे? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे आधारचा कायदाच सांगतो. आसामात २०१९ च्या ऑगस्टमध्ये जी अंतिम यादी लागली तिच्यातून १९ लाखांवर माणसे बाहेर राहिली. आमच्या ट्रंकेसारखी ट्रंक तिथे कितीजणांच्या माळ्यावर असेल, आणि पुरात कितीजणांची वाहून गेली असेल? १९९८ च्या जुलैमध्ये मुंबई पोलीस काही बंगाली बोलणाऱ्यांना, त्यांत जरीकाम करणारे कारागीर होते, बांगलादेशी ठरवून रेल्वेने सरहद्दीकडे नेत होते; उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले, कारण ही आमची माणसे आहेत असे तिथल्या लोकांचे म्हणणे होते. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा तेच झाले : मुंबईकडे धरलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सरहद्दीपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय आहेत असे पटल्यावर परत आणावे लागले. ते बोलत होते ती भाषा बंगाली, एवढा त्यांच्याविरुद्धचा पहिला पुरावा. भाषेवरून माणसाचे गाव ठरवणे काय असते, हे बेळगावच्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगावे काय?

तेव्हा माझा कल सांगतो. दार असू द्यावे, पण शंका असेल तिथे माप माणसाच्या पदरात पडावे. जो पुष्कळ वर्षे इथे राबला, ज्याची पोरे इथल्या शाळेत शिकली, त्याला मिरासपत्र मिळण्याची काहीतरी वाट असावी. आपल्या घटनेने एकदा पाच वर्षांत ती दिली होती. कोणाला परत पाठवायचेच झाले तर दिवसाढवळ्या, न्यायाधीशासमोर उभे करून पाठवावे. ह्याने सगळे प्रश्न सुटतील असे मी म्हणत नाही. शेजाऱ्यांची तुटलेली मजुरी ह्याने भरून येत नाही, हे मी जाणतो, आणि ह्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. कट्ट्यावर वाद चालू आहे.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी खासबागेच्या बाजारात तो तरुण पुन्हा दिसला. मुलगी खांद्यावर, हातात भाजीची पिशवी. मी तोंड चुकवावे की काय ह्या विचारात होतो, तोवर त्यानेच पाहिले.

"काका, खोली गेली का?"

"नाही," मी म्हटले. "अजून तशीच आहे."

तो नुसता हसला. त्याला वडगावात जागा मिळाली होती. भाडे जास्त, पण पाणी चांगले. मग त्याने मुलीला खाली उतरवले आणि म्हणाला, की तुम्ही शिक्षक होता असे मालकांकडून कळले, एक विचारायचे होते. जूनमध्ये हिला पहिलीत घालायचे. आळीतले लोक म्हणतात मराठी शाळेत घाल, मालक म्हणतात इथे राहायचे तर कन्नड. "काका, इथं कुठली घालू?"

मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि विचार करू लागलो, की ह्याला कुठून सुरुवात करून सांगावे.